नल्लकुंट्याचं बालसदन आणि आत्याचा बंब

माझी नात मराठी छान बोलते, पण वाचायला दिलं की अक्षरांवरून बोट फिरवत बसते आणि दुसऱ्याच ओळीला म्हणते, ‘आज्जी, टू मच आहे हे, तूच सांग ना.’ त्यामुळे हे लिहिताना मला कोणाची भीती नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं ते बहुतेक सगळे वर गेले आणि जे खाली उरलेत त्यांना वाचता येत नाही. आठवणी लिहायला याहून निवांत वेळ कुठला मिळणार?

आम्ही तेव्हा हैदराबादेत, नल्लकुंट्याला एका सरकारी बालसदनात राहत होतो. आम्ही अनाथ नव्हतो आणि आदिवासीही नव्हतो. आम्ही देशस्थ होतो, म्हणजे निजामाच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी खुर्चीला चिकटलेली जमात. माझे वडील अप्पा एका खात्यात हेडक्लार्क होते. त्या खात्याने किनवट, आदिलाबादकडच्या जंगलातल्या गोंड-कोलाम मुलांसाठी शहरात एक बालसदन काढलं. त्याच्यावर देखरेख करायला त्यांना मराठी-तेलुगू दोन्ही येणारी, पोक्त आणि घरी कोणी वाट न पाहणारी बाई हवी होती. अशी एक बाई अप्पांच्या घरातच होती. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. ती बोधनकडच्या एका गावी लग्न होऊन गेली होती आणि लग्नाचा शालू घडी करून ठेवायच्या आत विधवा होऊन परत आली होती. तेव्हापासून ती अप्पांकडेच होती. आत्याला अधीक्षिका केलं, तिला राहायला बंगल्याच्या मागच्या बाजूचं तीन खोल्यांचं घर मिळालं, आणि भाडं वाचतं म्हटल्यावर अप्पा, आई आणि मी आमचा बाडबिस्तरा घेऊन तिच्यामागे तिथे येऊन पडलो. आत्या आयुष्यभर भावाच्या आश्रयाला होती असं सगळे नातेवाईक म्हणत. त्या वर्षांत भाऊच तिच्या आश्रयाला होता, हे मात्र कोणी म्हणत नसे.

बंगला जुना, ऐसपैस, चिंचेच्या झाडाखाली दबलेला. समोर पटांगण, मागे विहीर आणि विहिरीला लागून आत्याचा बंब. हा बंब तांब्याचा, पोटाने सुटलेला, आमच्या मोठ्या काकांसारखा. खात्याच्या योजनेत मुलांचं संगोपन, शिक्षण, कुटुंबाचं कल्याण वगैरे पुष्कळ शब्द होते. आत्याने त्या सगळ्याचा एकच अर्थ काढला होता, आंघोळ. गाडीतून दोन दिवस धूळ खात आलेलं पोर फाटकातून आत आलं की नाव-गाव विचारायच्या आधी आत्या त्याचा दंड धरून बंबाकडे न्यायची. शिकेकाई, नारळाची शेंडी आणि कडकडीत पाणी. आत जाताना सावळं असलेलं पोर बाहेर येताना तांबडं व्हायचं. त्या मुलांना बरीच वर्षं वाटत असणार, की सरकार म्हणजे डोक्यावर ओतलेलं गरम पाणी. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं, कारण त्या रांगेत मीही असे.

सकाळी आधी चिंचेवरच्या साळुंक्या ओरडायच्या, मग स्वयंपाकीण नरसम्मा. नरसम्मा तेलुगूत शिव्या द्यायची आणि उर्दूत देवाचं नाव घ्यायची. दुपारी सरकारी भात आणि आंबट वरण. मुलांना भात आवडत नसे. ती ज्वारीवर वाढलेली. भात खाल्ला की ती मला, ‘आता जेवण केव्हा?’ असं विचारत. शेवटी आत्याने खात्याला न विचारता भात अर्धा केला आणि ज्वारीच्या भाकऱ्या सुरू केल्या. नरसम्मा भाकऱ्या थापायची, पटांगणभर त्याचा ताल ऐकू यायचा, आणि भाकरी, अंबाडीची भाजी, कच्चा कांदा असं ताट आलं की बंगल्यात दिवसभरात पहिल्यांदा कोणी काही बोलेनासं व्हायचं.

या मुलांत जंगू माझी मैत्रीण. माझ्याच वयाची, पण कमरेवर सदानकदा धाकटा भाऊ असल्यामुळे मोठी वाटायची. भाऊ भीमू, पाच-सहा वर्षांचा, डोळे बटणासारखे. हा गृहस्थ जंगूच्या हातूनच खायचा. दुसऱ्या कोणी घास पुढे केला की ओठ मिटून घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकदा जंगूला ताप आला तेव्हा आत्याने, आईने, नरसम्माने, मी, सगळ्यांनी करून पाहिलं. अप्पांनीसुद्धा घास हातात घेऊन त्याला दोन वाक्यं ऐकवली. भीमू उपाशी तो उपाशीच. शेवटी तापातल्या जंगूला उठवून बसवली, तिने डोळे न उघडता भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याने आ वासला. त्या रात्री आत्या म्हणाली, “हे पोर हिच्याशिवाय आठवडाभर जगायचं नाही.” मी ते वाक्य विसरले नाही.

बालसदनाला परदेशातून दुधाची भुकटी येई. तिचं दूध प्यायलं की मुलांची पोटं बिघडत, म्हणून ती पोती कोपऱ्यात पडून असत. एका दुपारी मी बघते तर सगळी पोरं उघडी, अंगभर दुधाची भुकटी फासलेली, डोक्याला केरसुणीच्या काड्या बांधलेल्या, आणि एकमेकांच्या पाठीत सोटे घालत नाचताहेत. मीही क्षणात फ्रॉक काढून त्यात घुसले. आत्या आली. पुढचं सांगायला नको, बंब पेटला. माझी मानगूट घासली जात असताना शेजारी उभ्या असलेल्या जंगूने आत्याला शांतपणे समजावलं, “बाई, आमी घुसाडी खेळत होतो.”

“घुसाडी म्हणजे कोण?”

“दिवाळीत आमच्याकडं दंडार निघते. नाचत नाचत दुसऱ्या गावाले जाते. त्याच्यात घुसाडी असते. अंगाले राख, डोक्यावर मोरपिसाचा मोठा टोप. त्याच्यात देव येते. तो कोनालेही चिडवते, कोनाच्याही घरात घुसते, हातातलं हिसकून खाते. त्याले कोनी रागवत नाही.”

“आणि आंघोळ?”

“दंडार संपेपर्यंत न्हात नाही.”

आत्याचा तांब्या हवेत थांबला. इतके दिवस न न्हाणारा देव तिने ऐकला नव्हता. “आणि न्हाला तर?”

“न्हाला का संपलं. मग तो मानूस. मग त्याले कोनी काही म्हनलं तं आयका लागते.”

आत्याने “शिव शिव” म्हटलं आणि जंगूच्याही डोक्यावर तांब्या ओतला.

मग ते राज्य मोडायचं ठरलं. मोठ्या माणसांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. हैदराबादचे तीन तुकडे होणार, मराठी भाग मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे आणि शहरासकट उरलेलं आंध्राकडे. त्याच्याबरोबर खुर्च्या, टेबलं, टंकलेखन यंत्रं, शिपाई, कारकून, सगळ्याची वाटणी. आमच्या घरी येणारे अप्पांचे मित्र चहा पिता पिता एकमेकांना ‘तुम्ही कुठे पडलात?’ असं विचारत, जसं काही सगळे माडीवरून खाली कोसळत होते. अप्पा मुंबईत पडले, कारण आमचं मूळ गाव परभणीकडचं. आई खूश झाली. तिचं माहेर औरंगाबादचं. ती आतून गुणगुणायला लागली आणि आत्या समोर आली की गप्प बसायची.

कारण आत्या पडली आंध्रात. खात्याचा नियम असा, की विवाहित बाईचं गाव म्हणजे सासरचं गाव. आत्याचं सासर बोधनकडचं, ते तेलंगणात. आत्याने ते गाव उभ्या आयुष्यात एकच पावसाळा पाहिलं होतं आणि त्या पावसाळ्यात तिचा नवरा गेला होता. “त्या गावाने मला काय दिलं? पांढरं कपाळ. आणि आता राज्य पण तेच देणार?” ती म्हणाली. अप्पा मान खाली घालून म्हणाले, “अक्का, नियम आहे.” अप्पा नियमाबाहेर कधी पाऊल टाकत नसत. रस्त्यावरून चालतानासुद्धा ते भिंतीच्या कडेकडेने जात. मला त्यांचा राग येई. अजूनही येतो, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

आणि मुलांची वाटणी करायचं काम खात्याने अप्पांनाच दिलं. मुलं गावाप्रमाणे वाटायची. किनवटकडच्या गावांतली मुलं नांदेडला जाणार, आदिलाबाद-उटनूरकडची आदिलाबादला. वरून हुकूम आला, की मुलं हलवेपर्यंत कोणाला दिवाळीला घरी पाठवू नये, नाहीतर गोंधळ होईल. भीमू बापाच्या गावाहून आला होता, ते किनवटकडचं. जंगू आईच्या भावाकडे वाढत होती. त्यांच्यात मामाच्या मुलाशी लग्न लागायची रीत, ती लहानपणापासून मामाच्याच घरची सून म्हणून तिथे राहायची. मामाचं गाव बापाच्या गावाला लागूनच, त्यामुळे भीमू दिवसभर तिच्याच कमरेवर असे, पण ते आता सरहद्दीपलीकडे पडलं. म्हणजे भीमू मुंबईत पडला आणि जंगू आंध्रात. आत्याला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने जुडी तशीच खाली ठेवली आणि अप्पांना म्हणाली, “विनू, तो मरेल.” अप्पा म्हणाले, “लहान मुलं विसरतात, अक्का.” आत्याने जुडी पुन्हा हातात घेतली. ती अप्पांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. त्यांची आई बाळंतपणात गेल्यावर अप्पांना तिनेच भरवून वाढवलं होतं, आणि हे त्या स्वयंपाकघरात आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मुलं दिवाळीला घरी येत नाहीत म्हटल्यावर दिवाळीच मुलांकडे आली. दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी रस्त्याच्या टोकाला ढोल वाजला आणि त्याच्यामागून सनईसारखं काहीतरी कर्कश. बालसदनातली पोरं ताटं टाकून फाटकाकडे धावली. दहा-बारा माणसं धुळीतून नाचत येत होती आणि पुढे राख फासलेला, हातात लाकडी सोटा, डोक्यावर मोरपिसांचा हा एवढा टोप घातलेला एक जण. नल्लकुंट्याची सगळी दारं-खिडक्या उघड्या पडल्या. किनवटहून ते आगगाडीने आले होते. काचीगुडा स्टेशनावर तिकीट कलेक्टरने काय केलं, असं मी नंतर जंगूच्या बापाला विचारलं. तो म्हणाला, “पाया पडला.”

हो, घुसाडी म्हणजे जंगू-भीमूचा बापच. लच्छू त्याचं नाव. पण टोप डोक्यावर असताना त्याला कोणी लच्छू म्हणत नव्हतं, पोरंसुद्धा नाही. भीमू त्याच्या मांडीला मिठी मारून उभा होता आणि त्याला ‘देव’ म्हणत होता. हा देव फाटकातून थेट आमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिरला. आत्या चकल्या तळत होती. त्याने सोट्याने तिच्या खांद्याला हळूच टोचलं, परातीतल्या दोन चकल्या उचलल्या, एक स्वतः खाल्ली, एक आत्याच्या तोंडापुढे धरली आणि डोळे फिरवून दाखवले. आई किंचाळली. नरसम्मा लाटणं घेऊन धावली. मला वाटलं, आता आत्या झारा फेकून मारणार. आत्या एकटक त्याच्या राखेने भरलेल्या छातीकडे बघत होती. मग म्हणाली, “पाणी तापवते. आधी आंघोळ.”

घुसाडी मान हलवत मागे मागे दारापर्यंत गेला आणि तिथून त्याने आत्याला कोपरापासून हात जोडले. ती हसली. आत्याला हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय. तिचे पुढचे दात वेडेवाकडे होते आणि ती ते लपवायची. त्या दिवशी लपवले नाहीत.

संध्याकाळी माणसं पटांगणात बसली. आत्याने सगळ्यांना भाकरी, पिठलं आणि आमचा दिवाळीचा फराळ वाढला. लच्छूने टोप चिंचेच्या फांदीला टांगला होता. तो अप्पांच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि म्हणाला, “साहेब, पोरगी मामाकडं राहते म्हून मामाची झाली का? बाप तं मीच हाव.”

“गावाप्रमाणे ठरलंय,” अप्पा म्हणाले. “मधून सरहद्द जाते आता.”

“हाव, आयकलं. तिच्या मामाच्या वावरातून जाते म्हनते. आमचा बैल दिवसभर तिकडं चरते आन रात्री इकडं येते. बैलाले कोन्या राज्यात टाकलं, साहेब?”

अप्पांनी खरोखरच विचार केला. मग म्हणाले, “जनावरांचं खातं वेगळं आहे.”

लच्छू हसला नाही. “पोट्टं जेवत नाही हो तिच्याबिगर,” एवढंच म्हणाला आणि उठून गेला. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. आत्याने त्यांना दोनदा हाक मारली.

नरकचतुर्दशी आणि नवं राज्य एकाच सकाळी उगवलं. हा योग कोणत्या ज्योतिषाने काढला देव जाणे. पहाटेपासून बंब धडधडत होता. आत्याने तेल, उटणं लावून एकेक पोर न्हाऊ घातलं, मला घातलं, नरसम्माला घातलं, आईला अंथरुणातून बाहेर काढलं, अप्पांच्या पाठीला स्वतः तेल चोळलं. उजाडलं तेव्हा बंगल्यातलं सगळं चकचकीत होतं. फक्त पटांगणात घुसाडी तेवढा राखेचा. फाटकाबाहेर दोन ट्रक उभे होते, एक नांदेडचा, एक आदिलाबादचा. नांदेडच्या ट्रकवर आमच्या खात्याचा ड्रायव्हर बशीरमियाँ होता. मुलांच्या वळकट्या चढल्या. जंगूने भीमूला नांदेडच्या ट्रकमध्ये ठेवला आणि स्वतः खाली उतरून उभी राहिली. तिने मला विचारलं, “तुझ्या आत्याले भरवू देईल का तो?” ती भीमूबद्दल विचारत होती. आणि आत्या तर दोन्ही ट्रकमध्ये नव्हती. मी रडायला लागले. ती नाही रडली.

तेवढ्यात ढोल वाजायला लागला. घुसाडी नाचत आला, जंगूला उचललं, नांदेडच्या ट्रकवर टाकलं आणि उडी मारून तिच्याशेजारी बसला. भीमूला मांडीवर घेतलं. सोटा आडवा धरला. आणि बसला तो बसला.

नवे साहेब मोटारीतून आले. ते करनूलकडून कालच शहरात उतरलेले, सडसडीत, खिशाला सोनेरी टोपणाचं पेन. त्यांना दुपारच्या आत चार ठिकाणी ताबा घ्यायचा होता. “एवरु वाडु?” म्हणजे हा कोण, असं त्यांनी तेलुगूत विचारलं आणि ट्रकच्या फळीवर पाय दिला. घुसाडीने वाकून सोट्याने त्यांच्या डोक्यावर हलकेच टपली मारली, त्यांच्या खिशातलं पेन काढलं आणि चिलमीसारखं तोंडात धरून लांबलचक झुरका घेतला. पोरं खदखदली. साहेबांचा स्वतःचा शिपाई तोंड फिरवून हलायला लागला.

“उतारो इसको!” साहेब बशीरमियाँवर ओरडले.

बशीरमियाँने टोपी सारखी केली. “मैं नै, हुजूर. देव बैठा है उप्पर. मैं कैकू हात लगाऊं? कल गाडी चलाना है मेरेकू.”

साहेब अप्पांकडे वळले. अप्पांनी त्यांना घुसाडी म्हणजे काय ते सगळं समजावलं, त्यांच्या त्या घोटीव सरकारी उर्दूत, पेशकाराने न्यायाधीशाला सांगावं तसं. या घटकेला हा मुलीचा बाप नाही, किनवटचा नाही, आदिलाबादचाही नाही, याला हुकूम लागू होत नाही. साहेब हुशार होते. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, “मग हा माणूस कधी होणार?” आणि अप्पांनी, खोटं बोलायची सवयच नसल्यामुळे, सांगून टाकलं, “आंघोळ केल्यावर.”

मला वाटलं, अप्पांच्या धोतराला धरून त्यांना विहिरीत ओढावं.

साहेबांनी मागे पाहिलं. बंबाच्या धुराड्यातून धूर निघत होता. “पाणी आणा,” ते म्हणाले, “अंगावर ओता याच्या.” शिपाई बादली घेऊन बंबाकडे गेला. बंबापुढे आत्या उभी होती, ओल्या केसांची, नऊवारीचा कासोटा खोचलेला.

“पाणी संपलं,” आत्या म्हणाली.

तिच्या पाठीमागे झाकण उडेल इतकी वाफ निघत होती. ज्या बाईने हैदराबाद शहरात दिसेल त्याला न्हाऊ घातलं, ती नरकचतुर्दशीच्या सकाळी एका पारोशा माणसासाठी पाणी नाही म्हणत होती. शिपाई थांबला. साहेबांनी अप्पांना विचारलं, “बंबात पाणी आहे की नाही? तुम्ही सांगा.”

अप्पांनी आत्याकडे पाहिलं. आत्या त्यांच्याकडे बघत नव्हती.  मग ते म्हणाले, “साहेब, बंब अक्कांच्या ताब्यात आहे. अक्का आजपासून तुमच्या राज्यात आहेत. मी दुसऱ्या राज्यात. मला त्याबद्दल बोलायचा आता अधिकार नाही.”

हे वाक्य बोलून झाल्यावर, आपण काय बोललो ते अप्पांना कळलं. त्यांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीने पुसला आणि पुसतच राहिले. आत्याने मात्र आता त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. अजून तीन ठिकाणं राहिली होती. “जाऊ द्या,” ते इंग्रजीत म्हणाले. घुसाडीने वाकून त्यांचं पेन त्यांच्या खिशात परत खोचलं, अगदी सरळ, टोपण वर करून. ट्रक सुटला. जंगू मागच्या फळीवरून मला हात करत होती आणि दुसऱ्या हाताने भीमूच्या तोंडात चकली कोंबत होती.

बशीरमियाँ परत आल्यावर म्हणाला, की नांदेडच्या बाबूने एक मूल जास्त उतरवून घेताना हूं का चूं केलं नाही. भीमू पुढे बऱ्याच वर्षांनी, बाप्या झाल्यावर, आत्याला भेटायला नल्लकुंट्याला आला होता, चारोळीची पुरचुंडी घेऊन. जंगूचं लग्न शेवटी मामाच्याच मुलाशी झालं, म्हणजे ती अखेर आंध्रातच गेली. पण भीमू स्वतःच्या हाताने खायला शिकल्यावर. त्या भेटीत आत्याने भीमूला पिठलं-भाकरी वाढली आणि तो संपूर्ण जेवेपर्यंत समोरून उठली नाही. हे आत्यानेच मला लिहून कळवलं. मी तेव्हा औरंगाबादला होते. लग्नानंतर या शहरात परत आले तोवर आत्या गेली होती आणि बंगला पाडून तिथे मंगल कार्यालय झालं होतं. आता तिथे गरम पाण्याचे गीझर आहेत, मी पाहून आले.

आम्ही निघालो ते थंडी ओसरताना, अप्पांना औरंगाबादला हजर व्हायचा हुकूम आल्यावर. तोवर बालसदनात तेलंगणातली नवी मुलं आली होती आणि आत्या त्यांची अधीक्षिका म्हणून तिथेच राहणार होती. काचीगुडा स्टेशनावर आत्या आम्हाला पोचवायला आली. ती डब्यात चढली, वळकट्या बाकाखाली सारल्या, धपाट्यांचं आणि दह्याचं पातेलं आईच्या हवाली केलं, आणि मग माझ्याशेजारी खिडकीत बसली. गार्डाने शिट्टी दिली. आत्या उठली नाही. तिने पदर दोन्ही हातांनी मांडीवर आडवा धरला होता. माझ्या छातीत ढोल वाजायला लागला. मी तिच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि दरवाजात उभ्या असलेल्या अप्पांकडे पाहिलं. मला खात्री होती, की आता अप्पा काहीतरी म्हणतील, ताबा, अधिकार, कोणतं तरी वाक्य त्यांना सापडेल.

“अक्का,” अप्पा म्हणाले, “गाडी सुटेल. उतर.”

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. मग “हो रे,” म्हणाली, माझी मूठ सोडवली आणि उतरली.

प्रवासाला निघायचं म्हणून त्या दिवशी तिने पहाटेच बंब पेटवला होता. आम्हा सगळ्यांना एकेकाला धरून, घासूनपुसून आंघोळ घातली होती, आणि शेवटी उरलेल्या पाण्यात स्वतःही न्हाली होती.